हवानाचा डास

शाळेत असताना वॉल्टर रीड हे नाव आम्ही शास्त्रज्ञांच्या गोष्टींच्या एका पुस्तकात वाचले. पीतज्वर डासांमुळे पसरतो हे त्याने क्यूबात जाऊन सिद्ध केले, त्याच्या एका सहकाऱ्याने त्यासाठी प्राण दिले आणि मानवजात एका भयंकर रोगाच्या तावडीतून सुटली, अशी ती गोष्ट होती. पुढे इतिहासाच्या पुस्तकात १८९८ चे अमेरिका-स्पेन युद्ध आले. ते एका परिच्छेदात सुरू होऊन त्याच परिच्छेदात संपले. दोन्ही पुस्तके एकाच दप्तरात होती. तरी हा अमेरिकन लष्करी डॉक्टर १९०० साली क्यूबात काय करीत होता, हा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही आणि कोणी आम्हाला विचारलाही नाही.

उत्तर साधे आहे. क्यूबा त्या वेळी अमेरिकेच्या लष्कराच्या ताब्यात होता. पण या उत्तराचा माग काढत गेलो की डासाची गोष्ट आणि साम्राज्याची गोष्ट एकमेकींपासून सुट्या करता येत नाहीत असे दिसते. त्या का सुट्या होत नाहीत, ते या लेखात पाहू.

अमेरिका समुद्रापार गेली ती काही एका रात्रीत नव्हे. तिची सुरुवातीची काही पावले पक्ष्यांच्या विष्ठेमागे पडली, असे वर्गात सांगितले तर मुले हसतील. पण ते खरे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तिथल्या शेतीला खताची टंचाई भासत होती. समुद्रपक्ष्यांच्या साठून वाळलेल्या विष्ठेत, म्हणजे ग्वानोत, नत्र आणि स्फुरद ही दोन्ही द्रव्ये भरपूर असतात. १८५६ साली अमेरिकी काँग्रेसने (तिथल्या संसदेने) कायदा केला की, दुसऱ्या कोणत्याही सरकारच्या ताब्यात नसलेल्या ओसाड बेटावर अमेरिकन नागरिकाला ग्वानो सापडला तर ते बेट अमेरिकेचे मानता येईल. पॅसिफिक आणि कॅरिबियन समुद्रांतल्या कितीतरी खडकांवर या कायद्याने अमेरिकेचा हक्क सांगितला गेला. नत्रचक्र शिकवताना हा दाखला जरूर द्यावा.

पुढची कारणे अधिक परिचयाची आहेत. पश्चिमेकडे सरकत जाणारी वसाहतीची सीमारेषा आता उरलेली नाही, असे १८९० च्या जनगणनेने जाहीर केले. त्याच वर्षी आल्फ्रेड माहान या नौदल अधिकाऱ्याचा सागरी सत्तेवरचा ग्रंथ निघाला आणि अमेरिकी राज्यकर्त्यांनी तो मनावर घेतला. वाफेच्या जहाजांना कोळसा लागतो, म्हणून वाटेवर कोळशाचे तळ हवेत, तळांसाठी बेटे हवीत, असा तो सरळ हिशोब होता. १८९३ च्या मंदीने परदेशी बाजारपेठेची ओढ वाढवली. त्याच वर्षाच्या जानेवारीत हवाई बेटांवर साखरमळ्यांच्या हितसंबंधीयांनी अमेरिकी नौसैनिक किनाऱ्यावर उतरलेले असताना राणी लिलिउओकलानीला पदच्युत केले. १८९८ च्या जुलैत हवाई अमेरिकेला जोडले गेले.

आता क्यूबा. फ्लोरिडाच्या टोकापासून तो जेमतेम दीडशे किलोमीटरवर आहे. साखर हे तिथले मुख्य पीक आणि त्या साखरेचे मोठे गिऱ्हाईक अमेरिका. १८९५ साली क्यूबन जनतेने स्पेनविरुद्ध पुन्हा बंड उभारले. ते मोडण्यासाठी जनरल वेलर याने १८९६ पासून खेड्यांतल्या लोकांना घरेदारे सोडायला लावून तटबंदीच्या गावांत कोंडले. बंडखोरांना अन्न आणि आसरा मिळू नये, हा त्यामागचा हेतू. या कोंडवाड्यांत उपासमारीने आणि रोगराईने एक लाखाहून अधिक माणसे मेली. अमेरिकी वृत्तपत्रांनी ही क्रूरता रोज पहिल्या पानावर मांडली. संताप खरा होता, आणि खपही वाढत होता. या कोंडवाड्यांची आठवण वाचकांनी ठेवावी. पुढे ते पुन्हा येणार आहेत.

अमेरिकेच्या दक्षिण भागाला क्यूबाची आणखी एक धास्ती होती, तिचा उल्लेख पाठ्यपुस्तकांत सहसा नसतो. ती पीतज्वराची. १८७८ साली मिसिसिपीच्या खोऱ्यात या रोगाची साथ आली आणि सुमारे वीस हजार माणसे दगावली. एकट्या मेम्फिस शहरात सुमारे पाच हजार. ही साथ हवानाच्या जहाजांतून येते, असा अमेरिकी आरोग्य अधिकाऱ्यांचा समज होता आणि तो बऱ्याच अंशी बरोबरही होता. हवाना स्वच्छ झाल्याशिवाय न्यू ऑर्लिन्स सुरक्षित नाही, असे तिथे उघड बोलले जाई. म्हणजे क्यूबाला ‘सुधारण्या’ची इच्छा केवळ परोपकाराची नव्हती.

१५ फेब्रुवारी १८९८ रोजी हवानाच्या बंदरात ‘मेन’ ही अमेरिकी युद्धनौका स्फोटाने बुडाली आणि अडीचशेहून अधिक खलाशी ठार झाले. एप्रिलमध्ये युद्ध सुरू झाले. क्यूबा गिळंकृत करण्याचा आपला इरादा नाही, असे काँग्रेसने टेलर दुरुस्ती मंजूर करून सांगितले. फिलिपीन्सबद्दल असे काही आश्वासन दिले नाही. ऑगस्टमध्ये लढाई थांबली, आणि डिसेंबरच्या पॅरिस तहाने स्पेनने पोर्तो रिको व ग्वाम अमेरिकेला दिले, क्यूबावरचा हक्क सोडला आणि दोन कोटी डॉलर घेऊन फिलिपीन्सही दिले. फिलिपिनो लोकांना विचारले कोणी नाही.

या युद्धातले अमेरिकी मृत्यू पाहण्यासारखे आहेत. लढाईत चारशेहून कमी माणसे पडली; रोगांनी दोन हजारांहून अधिक नेली. त्यांतली बरीच अमेरिकेतल्याच छावण्यांत विषमज्वराने मेली. क्यूबात सांतियागो जिंकलेल्या फौजेत हिवताप आणि पीतज्वर असा पसरला की, ऑगस्टमध्ये तिच्या अधिकाऱ्यांनी एकत्र सह्या करून ‘आम्हाला इथून ताबडतोब हलवा, नाहीतर फौज नष्ट होईल’ अशा अर्थाचे पत्र दिले. सही करणाऱ्यांत थिओडोर रूझवेल्ट होता. तीन वर्षांनी तो अमेरिकेचा अध्यक्ष झाला.

१ जानेवारी १८९९ ला क्यूबात अमेरिकेचा लष्करी अंमल सुरू झाला. जिंकलेल्या बेटावर राहायचे तर पीतज्वराचे काहीतरी करणे भाग होते. पीतज्वर घाणीमुळे होतो, रोग्याच्या कपड्यांतून आणि अंथरुणातून पसरतो, असे बहुतेक डॉक्टर मानीत. म्हणून हवानाचा आरोग्य अधिकारी विल्यम गॉर्गस याने शहर घासूनपुसून लख्ख केले. रस्ते धुतले, गटारे साफ केली, घरांना चुना लावला. इतर रोग कमी झाले. पीतज्वर मात्र कमी झाला नाही. स्पेनहून नवे स्थलांतरित येऊ लागताच १९०० साली तो उसळला. त्या वर्षी हवानात ३१० माणसे त्याने मेली. गृहीतक नीट राबवून पाहिले आणि ते खोटे ठरले, याचे इतके स्वच्छ उदाहरण इतिहासात शोधून सापडणार नाही.

खरे उत्तर त्याच शहरात एकोणीस वर्षे पडून होते. कार्लोस फिनले हा क्यूबात जन्मलेला डॉक्टर. त्याचे वैद्यकीय शिक्षण फिलाडेल्फियात झाले होते. १४ ऑगस्ट १८८१ रोजी हवानाच्या विज्ञान अकादमीपुढे त्याने निबंध वाचला आणि पीतज्वर एका विशिष्ट डासाची मादी पसरवते असे मांडले. आज तो डास आपण एडिस इजिप्टाय या नावाने ओळखतो; आपल्याकडे डेंग्यू पसरवतो तोच हा. घरातल्या स्वच्छ साठवणीच्या पाण्यात तो वाढतो. गटारे धुऊन काही झाले नाही त्याचे कारण हेच.

फिनलेचे म्हणणे कोणी मानले नाही, आणि याला केवळ पूर्वग्रह कारण नव्हता हेही सांगायला हवे. त्याने शंभराच्या आसपास माणसांवर प्रयोग केले, पण निष्कर्ष पटण्याजोगे निघाले नाहीत. आज आपल्याला कारण माहीत आहे. रोग्याच्या रक्तात विषाणू असतो तो तापाच्या पहिल्या तीनेक दिवसांत. त्याच वेळी डास चावला पाहिजे. त्यानंतरही डासाच्या शरीरात विषाणू वाढून लाळेपर्यंत पोचायला बारा दिवसांच्या आसपास लागतात. फिनलेचे डास बहुतेक वेळा फार लवकर दुसऱ्या माणसाला चावले. शिवाय त्याची माणसे हवानासारख्या रोगट शहरातच राहत असल्याने, कोणी आजारी पडलेच तर ते प्रयोगातल्या डासामुळे की बाहेरच्या, हे सांगता येत नसे. डास बरोबर होता, पण वेळ चुकली होती आणि नियंत्रित गट नव्हता.

दरम्यान दोन गोष्टी घडल्या. १८९७ साली रोनाल्ड रॉसला आपल्या सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू दिसले, त्यामुळे डासाची कल्पना हास्यास्पद राहिली नाही. आणि हेन्री कार्टर या अमेरिकी डॉक्टरने मिसिसिपी राज्यातल्या लहान वस्त्यांमध्ये दिवस मोजून दाखवले की, पहिल्या रोग्यानंतर त्याच घरात पुढचा रोगी पडेपर्यंत दोन-तीन आठवडे जातात. मधला हा काळ रोग कुठेतरी ‘पिकत’ असतो.

जून १९०० मध्ये वॉल्टर रीडचे मंडळ हवानाजवळ आले. जेम्स कॅरल, जेसी लझीर आणि क्यूबात जन्मलेला आग्रामोन्ते असे आणखी तिघे त्यात होते. फिनलेने त्यांना आपल्याकडची डासांची अंडी दिली, लझीरने ती उबवली. ऑगस्टअखेर कॅरलने असा एक डास स्वतःला चावू दिला. त्या डासाने बारा दिवसांपूर्वी, आजाराच्या दुसऱ्या दिवशी असलेल्या रोग्याचे रक्त घेतले होते. कॅरल मरता मरता वाचला. २५ सप्टेंबरला लझीर पीतज्वराने मेला.

नोव्हेंबरमध्ये लझीरच्याच नावाने छावणी उभी राहिली. तिच्यातल्या दोन लाकडी खोल्या वर्गात फळ्यावर काढून दाखवाव्यात. पहिल्या खोलीत पीतज्वराच्या रोग्यांची मळलेली, वांती लागलेली अंथरुणे-पांघरुणे आणून टाकली. वाराही येऊ नये अशी ती बंद होती, आणि एकही डास नव्हता. तीन माणसे तिथे वीस रात्री झोपली, त्यांच्यानंतर दुसरी झोपली. एकालाही रोग झाला नाही. दुसरी खोली स्वच्छ, हवेशीर, निर्जंतुक केलेल्या सामानाची. तिच्या मधोमध तारेच्या जाळीचा पडदा होता. पडद्याच्या एका बाजूला रोग्यांना चावलेले डास सोडले. त्या बाजूला झोपलेला जॉन मोरान डिसेंबरच्या २१ तारखेला डास चावून घेऊ लागला आणि नाताळच्या दिवशी तापाने पडला. जाळीच्या पलीकडचे, तीच हवा घेणारे, ठणठणीत राहिले. दोन खोल्यांत पिढ्यान्‌पिढ्यांचा वाद मिटला.

प्रयोगाला तयार झालेल्यांत अमेरिकी सैनिक होते, तसेच नुकतेच आलेले गरीब स्पॅनिश मजूर. त्यांच्याकडून लेखी करार करून घेतला होता आणि तो स्पॅनिशमध्येही होता. शंभर डॉलर सोन्यात, आजारी पडल्यास आणखी शंभर. या बेटावर हा रोग टळत नाहीच, तर तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली झालेला बरा, असा युक्तिवाद करारातच होता. लेखी संमतीचा हा सुरुवातीचा नमुना म्हणून वैद्यकाच्या इतिहासात त्याचा गौरव होतो, आणि तो योग्य आहे. पण शंभर सोन्याचे डॉलर पाहून भुकेल्या मजुराने दिलेल्या संमतीला किती मोकळी म्हणावे, यावर वरच्या वर्गात चर्चा घडवावी.

पुढचे काम गॉर्गसने केले. १९०१ च्या सुरुवातीपासून त्याच्या पथकांनी घरोघरी जाऊन पाण्याची पिंपे झाकली, साचलेल्या पाण्यावर रॉकेल ओतले, रोग्यांच्या खोल्यांना जाळ्या लावल्या, आसपासच्या घरांना धुरी दिली. अळ्या सापडल्या की घरमालकाला दंड होई. त्या वर्षी मृत्यू १८ वर आले, पुढच्या वर्षी एकही नाही. जवळजवळ दीडशे वर्षे हवानात ठाण मांडून बसलेला रोग काही महिन्यांत गेला. आपल्याकडे डेंग्यूच्या दिवसांत आठवड्यातून एकदा ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगतात, तो याच मोहिमेचा वंशज आहे.

ज्या महिन्यांत हवानाची पिंपे झाकली जात होती, त्याच महिन्यांत क्यूबाची राज्यघटना लिहिली जात होती. मार्च १९०१ मध्ये अमेरिकी काँग्रेसने प्लॅट दुरुस्ती मंजूर केली आणि ती स्वीकारल्याशिवाय फौज हलणार नाही हे स्पष्ट केले. क्यूबाच्या घटनासमितीने १२ जून रोजी ती १६ विरुद्ध ११ मतांनी स्वीकारली. तिच्या तिसऱ्या कलमाने अमेरिकेला क्यूबात हस्तक्षेपाचा हक्क दिला. सातव्याने नाविक तळांसाठी जागा दिली. ग्वांतानामोचा तळ त्यातूनच आला. आणि पाचवे कलम आरोग्याचे आहे. क्यूबाने शहरांच्या स्वच्छतेच्या योजना चालू ठेवाव्यात, म्हणजे क्यूबाच्या लोकांचे आणि व्यापाराचे रोगांपासून रक्षण होईल, तसेच अमेरिकेच्या दक्षिणेकडील बंदरांचे आणि तिथल्या लोकांचेही. एका देशाच्या घटनेत दुसऱ्या देशाच्या बंदरांची काळजी वाहणारे कलम! पाचवे कलम आधी वाचले आणि मग तिसरे, तर गटार तुंबणे हेसुद्धा सार्वभौमत्वाचे संकट कसे होऊ शकते ते कळते.

क्यूबात असे चालले असताना फिलिपीन्समध्ये काय चालले होते? ४ फेब्रुवारी १८९९ रोजी मनिलाजवळ अमेरिकी फौज आणि एमिलिओ आगिनाल्डोचे फिलिपिनो सैन्य यांच्यात गोळीबार सुरू झाला. दोनच दिवसांनी सिनेटने पॅरिसच्या तहाला ५७ विरुद्ध २७ मतांनी मान्यता दिली, आवश्यक दोन-तृतीयांशाहून एकच मत जास्त. अमेरिकेत विरोध नव्हता असे नाही. साम्राज्यविरोधी संघ १८९८ मध्येच स्थापन झाला होता आणि मार्क ट्वेन त्याचा उपाध्यक्ष झाला. उलट बाजूने, आपल्या मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगने फेब्रुवारी १८९९ मध्ये ‘गोऱ्या माणसाचे ओझे’ ही कविता प्रसिद्ध केली. पुष्कळांना वाटते तशी ती हिंदुस्थानाविषयी नाही. फिलिपीन्स घ्यावे म्हणून ती अमेरिकेला उद्देशून आहे.

युद्ध १९०२ च्या जुलैपर्यंत चालले आणि काही भागांत त्यानंतरही. अमेरिकेचे चार हजारांहून अधिक सैनिक मेले, फिलिपिनो सैनिक सुमारे वीस हजार. सामान्य लोकांचे मृत्यू युद्ध, दुष्काळ आणि रोग मिळून दोन लाख किंवा त्याहून अधिक धरले जातात. आणि इथे ते कोंडवाडे पुन्हा येतात. १९०१ च्या डिसेंबरात बातांगास प्रांतात जनरल बेलने खेडुतांना ठरावीक वस्त्यांत कोंडले आणि बाहेरचे धान्य व घरे नष्ट केली. स्पेनने क्यूबात हेच केले म्हणून अमेरिका युद्धात उतरली होती. नांगराचे रेडे बुळकांडीने आधीच मेले होते, शेते पडीक होती. अशा लोकांवर मार्च १९०२ मध्ये कॉलरा आला. मनिलाच्या फारोला वस्तीत रोगी सापडले तेव्हा अमेरिकी अधिकाऱ्यांनी ती वस्ती जाळून टाकली. लोक रोगी लपवू लागले. १८९७ च्या प्लेगात पुण्यातल्या घरांत सोजीर शिरले तेव्हा काय झाले हे ज्यांनी वाचले आहे, त्यांना याचे नवल वाटणार नाही.

मनिलाच्या बिलिबिद तुरुंगात १९०६ साली डॉ. रिचर्ड स्ट्राँग याने २४ कैद्यांना कॉलऱ्याची प्रायोगिक लस टोचली. तिच्यात चुकून प्लेगचे जंतू मिसळले होते. १३ कैदी मेले. त्यांची संमती घेतलेली नव्हती. हवानाच्या त्या करारानंतर हे केवळ सहा वर्षांनी, त्याच सरकारच्या अमलाखाली घडले. करार लिहिता येत नव्हता असे नाही; कुणाशी करायचा हा प्रश्न होता.

शेवटचा मुक्काम पनामा. इथे फ्रेंचांनी १८८० च्या दशकात कालवा खणायला घेतला आणि वीस हजारांच्या आसपास माणसे गमावून सोडून दिला. त्यांच्या इस्पितळात मुंग्या चढू नयेत म्हणून खाटांचे पाय पाण्याच्या भांड्यांत ठेवीत! डासांची पैदास रोग्याच्या उशाशीच होत असे. १९०३ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या युद्धनौकांच्या आडोशाने पनामा कोलंबियापासून फुटला आणि पंधरवड्यात कालव्याचा दहा मैल रुंद पट्टा अमेरिकेला मिळाला. पनामा आणि कोलोन या शहरांत स्वच्छतेचे नियम लावण्याचा अधिकारही त्या करारात होता. पाचव्या कलमाचा धडा वाया गेला नव्हता. गॉर्गस तिथे गेला. वरिष्ठांना डासांचे म्हणणे पटेना, म्हणून सुरुवातीला जाळ्याही मिळेनात. १९०५ च्या साथीत अमेरिकी कर्मचारी जहाजे भरून पळाले, तेव्हा कुठे पैसे आणि माणसे मिळाली. नोव्हेंबरपर्यंत पनामा शहरातून पीतज्वर गेला. कालवा १९१४ च्या ऑगस्टमध्ये खुला झाला.

तिथे पगाराच्या दोन याद्या होत्या. सोन्याची यादी मुख्यतः गोऱ्या अमेरिकनांची, चांदीची यादी बार्बाडोस, जमैकाहून आणलेल्या काळ्या मजुरांची. टपाल कार्यालयाच्या खिडक्यासुद्धा ‘सोने’ आणि ‘चांदी’ अशा वेगळ्या. सोन्याच्या यादीतल्यांच्या घरांना जाळ्या लागल्या. चांदीवाले दाटीच्या बराकींत किंवा बाहेर झोपड्यांत राहत, पावसात भिजलेले कपडे वाळवायला जागा नसे आणि ते न्यूमोनियाने मरत. अमेरिकी काळातले अधिकृत मृत्यू ५,६०९. त्यांत सुमारे ४,५०० कॅरिबियन मजूर आणि सुमारे ३५० गोरे अमेरिकन. हे आकडे असेच शेजारी मांडू नयेत, कारण मजुरांची संख्याच कित्येक पट मोठी होती. पण दर हजारी प्रमाण काढले तरी १९०६ साली काळ्या कामगारांचा मृत्युदर गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट होता. पीतज्वराला बळी पडत ते मुख्यतः बाहेरून नव्याने आलेले गोरे. तो रोग आधी हटला. न्यूमोनियाला डासासारखा शत्रू नव्हता, त्याला कोरडी खोली हवी होती.

रीड १९०२ मध्येच वारला. वॉशिंग्टनमध्ये १९०९ साली सुरू झालेल्या लष्करी रुग्णालयाला त्याचे नाव दिले गेले. फिनलेचे नाव नोबेल पारितोषिकासाठी अनेकदा सुचवले गेले, पण ते त्याला मिळाले नाही. अमेरिकी अंमल संपल्यावर १९०२ साली तो स्वतंत्र क्यूबाचा पहिला मुख्य आरोग्य अधिकारी झाला, आणि आता शहर स्वच्छ ठेवणे हे त्याच्यासाठी पाचव्या कलमाचे पालनही होते. प्लॅट दुरुस्ती १९३४ साली रद्द झाली. ग्वांतानामोचा तळ मात्र अमेरिकेकडेच राहिला. क्यूबात फिनलेचा जन्मदिवस, ३ डिसेंबर, वैद्यक दिन म्हणून पाळला जातो.